‘त्याच्या आजोबांकडून’: एका हदीसच्या सनदेमागे दोन वर्षं

वकिली सुरू केली तेव्हा ‘सनद’ या शब्दाचा मला एकच अर्थ माहीत होता: बार कौन्सिलने दिलेला तो कागद, ज्याच्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. हदीसलाही, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या किंवा कृतीच्या नोंदीलाही, सनद असते. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कोणाकडून, अशी थेट पैगंबरांपर्यंत (स.) जाणारी नावांची साखळी. लहानपणी जुम्म्याच्या बयानात ही नावं कानांवरून जायची आणि मी चपलांकडे बघत बसायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका साखळीवरचा माझा एलएल.एम.चा प्रबंध तोंडी परीक्षेतून पार पडला. अरबी न येणाऱ्या, दिवसभर कोर्ट करणाऱ्या माणसाला हे जमतं का, असं दोघीतिघींनी विचारलं. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहितेय.

सुरुवात कौटुंबिक न्यायालयात झाली. डिसेंबर २०२१. घटस्फोटित आई, लहान मुलगा, आणि आईने दुसरं लग्न केलेलं. समोरच्या वकिलांनी मुल्लांचं मुस्लिम कायद्यावरचं पुस्तक उघडलं. कलम ३५२: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत ताबा आईचा. कलम ३५४: मुलाशी निषिद्ध नात्यात नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं तर तो हक्क जातो. वर ते म्हणाले, “हदीसच आहे तशी, त्यात वाद नाही.” न्यायालय शेवटी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली मुलाचं हित बघतं, हे मी मांडलं. पुढे दोन्ही बाजूंनी तडजोड केली. पण घरी येताना लोकलमध्ये डोक्यात एकच किडा: कुठली हदीस? कुणी सांगितली? आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई मजहबाचे (कायद्याच्या परंपरेचे). मुल्लांचं पुस्तक मुख्यतः हनफी या दुसऱ्या मजहबाच्या कायद्याचं. तरी दुसऱ्या लग्नाचा हा नियम आमच्याकडेही आहे. म्हणजे दोन्ही मजहबांच्या मुळाशी काहीतरी एकच असणार.

जुलै २०२२ मध्ये एलएल.एम.ला प्रवेश घेतला. विषय म्हणून लिहून नेलं: ‘मुस्लिम कायद्यातील मुलांचा ताबा’. मार्गदर्शक मॅडमनी कागद बघितला आणि परत माझ्याकडे सरकवला. “यावर ढीगभर प्रबंध पडलेत. तू ती एक हदीस घे आणि तिची उलटतपासणी घे.” दोन वर्षांतला सगळ्यात उपयोगी सल्ला तो.

सप्टेंबरमध्ये दिलेला आराखडा नोव्हेंबरमध्ये परत आला. शेरा: ‘विषय धर्मशास्त्राचा वाटतो.’ मी रडकुंडीला आले होते. मॅडम म्हणाल्या, मजकुराला हात लावू नकोस, शीर्षकात ‘पुरावा’ शब्द घाल आणि पहिल्या पानावर कलमं लिही. तसं केलं. जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी. आत एक ओळही बदलली नव्हती. तुमचाही विषय असा कुंपणावरचा असेल तर कलमांचे आकडे पहिल्याच परिच्छेदात टाका.

अरबीसाठी संध्याकाळचा सहा महिन्यांचा वर्ग लावला, फी ४,५०० रुपये. चौदा जणांनी सुरू केलं, शेवटी पाच उरलो. वर्गाने अक्षरओळख आणि व्याकरणाचा सांगाडा दिला, पुस्तक वाचण्याची हिंमत दिली नाही. ती आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त मौलाना साहेबांनी दिली. दर शनिवारी असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजानंतर त्यांच्या घरी. पहिल्या दिवशी मी पेढे नेले तर म्हणाले, “बेटा, किताब लाया करो, मिठाई नहीं.” फी घेतली नाही. घरात खाला असायच्या, त्यांच्या चहाचा हिशोब मात्र माझ्याकडून आजही फिटलेला नाही.

शोध मी उलटा, कोर्टाकडून मागे मागे नेला. मुल्लांच्या मागे ‘हिदाया’: मर्गीनानींचा बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ. चार्ल्स हॅमिल्टनने तो १७९१ मध्ये इंग्रजीत आणला, तोही फारसी भाषांतरावरून. त्यात ती बाई आहे. पैगंबरांकडे (स.) येऊन म्हणते, हा माझा मुलगा, आणि याचा बाप याला माझ्याकडून हिसकावू पाहतोय. उत्तर मिळतं: तू लग्न करत नाहीस तोवर तुझाच हक्क जास्त. पण हिदायात सनद नाही. फिकहच्या (धर्मकायद्याच्या) पुस्तकांत ती बहुधा नसतेच, कारण तिथे मुद्दा नियमाचा असतो. मी अडले. मौलानांनी हसून ‘नस्बुर्राया’ काढलं. चौदाव्या शतकात जैलईंनी हिदायातल्या एकेक हदीसचा माग काढून लिहिलेला ग्रंथ. या कामाला तख्रीज म्हणतात. गंमत अशी की हा ग्रंथ १९३८ मध्ये कैरोत छापला गेला तो गुजरातेतल्या डाभेलच्या मजलिस-ए-इल्मीच्या पुढाकाराने. मी मुंबई-सूरत गाडीने शंभरदा डाभेलच्या जवळून गेले असेन.

जैलईंनी पत्ता दिला: अबू दाऊद यांचा ‘सुनन’ हा हदीससंग्रह, त्यातली किताबुत्तलाक (तलाकचा विभाग), ‘मुलावर जास्त हक्क कोणाचा’ हा बाब, म्हणजे प्रकरण. इथे एक सूचना. हदीसचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. माझ्याजवळच्या प्रतीत २२७६ होता, दुसऱ्या छापील प्रतीत वेगळा निघाला आणि एक अख्खा शनिवार वाया गेला. टिपण करताना किताब आणि बाब यांचं नाव लिहा, क्रमांक नंतर.

सनद अशी: अबू दाऊदना महमूद बिन खालिद यांनी सांगितलं, त्यांना वलीद यांनी, त्यांना सीरियाचे मोठे फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) औजाई यांनी, त्यांना अम्र बिन शुऐब यांनी, ‘अन् अबीहि, अन् जद्दिही’. त्याच्या वडिलांकडून, त्याच्या आजोबांकडून.

मी वहीत अगदी हेच लिहिलं. मौलानांनी ‘त्याच्या’वर बोट ठेवलं. “किसके?”

घराणं असं आहे. अब्दुल्लाह बिन अम्र बिन आस, पैगंबरांचे (स.) साथीदार. त्यांचा मुलगा मुहंमद. मुहंमदचा मुलगा शुऐब. शुऐबचा मुलगा अम्र, हिजरी ११८ मध्ये ताइफला वारलेला. आता ‘त्याच्या आजोबांकडून’मधला ‘तो’ अम्र असेल तर आजोबा ठरतो मुहंमद. मुहंमदने पैगंबरांना (स.) पाहिलेलंच नाही, म्हणजे साखळी वर तुटली. ‘तो’ शुऐब असेल तर आजोबा ठरतात अब्दुल्लाह, ज्यांनी स्वतः ऐकलं. साखळी अखंड, फक्त शुऐबने आजोबांकडून खरोखर ऐकलं का, एवढं सिद्ध करायचं उरतं. एका सर्वनामावर आईचा ताबा!

मराठीत आणखी पंचाईत. अम्रला एकेरी आणि त्याच्या वडिलांना आदरार्थी लिहिलं तर ‘त्याच्या आजोबांकडून’ म्हणजे अम्रच्या आणि ‘त्यांच्या आजोबांकडून’ म्हणजे शुऐबच्या. अरबी लेखक जी गोष्ट मोघम ठेवू शकतो, तिचा निकाल मराठीत एका अनुस्वाराने लागतो. भाषांतर करायला बसले आणि न्यायाधीश होऊन बसले. तीन आठवडे ती ओळ मी कोरी ठेवली.

मग सनदेतल्या माणसांचे चरित्रकोश. मिज्जींचं ‘तहजीबुल कमाल’ पस्तीस खंडांचं आहे, घाबरू नका, आपल्याला त्यातली दोन-चारच माणसं हवी असतात. एका ग्रंथालयात बसून ती पानं झेरॉक्स केली, पानाला दोन रुपये, एकूण ३४० रुपये. घराण्यात एक वही होती, हे तिथे पुन्हा पुन्हा येतं. अब्दुल्लाह पैगंबरांचं (स.) बोलणं लिहून ठेवत आणि त्या संग्रहाला ‘सादिका’, म्हणजे खरी, म्हणत. ताइफजवळ ‘वहत’ नावाची त्यांची जमीन होती. जगण्यात मला गोडी आहे ती सादिका आणि वहत या दोहोंमुळेच, असं ते म्हणाल्याचं हदीससंग्राहक दारिमींनी दिलंय. वही आणि शेत. कोकणातला कुठलाही म्हातारा हेच म्हणेल.

टीकाकारांचा आक्षेप नेमका त्या वहीवर. अम्र ऐकून सांगत नाही, अब्दुल्लाह यांची वही वाचून सांगतो. त्या काळच्या लिपीत नुक्ते नसायचे, एकाच आकाराचे दोन-तीन उच्चार व्हायचे, म्हणून गुरूच्या तोंडून न ऐकता नुसतं वाचणं कच्चं मानायचे. (आमच्या पेटीतले मोडीतले कागद आठवले. त्यातल्या एका शब्दावर दोन काकांचं गेली कित्येक वर्षं पटत नाही.) हदीसचे जुने पारखी यह्या बिन सईद अल-कत्तान यांनी ही साखळी कमजोर ठरवली. उलट हदीससंग्राहक बुखारींचं म्हणणं नोंदलेलं आहे की अहमद बिन हंबल, अली बिन अल-मदीनी, इसहाक बिन राहवैह असे मोठे जाणकार हिचा आधार घेत. पण खुद्द बुखारींनी आपल्या ‘सहीह’ या संग्रहात ती घेतली नाही, इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहातही नाही. ‘सुनन’ म्हणवल्या जाणाऱ्या बाकीच्या चार संग्रहांमध्ये ती आहे.

शुऐबने आजोबांकडून ऐकलं, याचा एक पुरावा मला फार आवडला. एक माणूस अब्दुल्लाह बिन अम्र यांच्याकडे हजच्या एहरामबद्दलचा (हजच्या वेळी पाळायच्या बंधनांबद्दलचा) नाजूक प्रश्न घेऊन येतो. ते इब्न उमर या दुसऱ्या साथीदारांकडे बोट दाखवतात: त्यांना विचार. शुऐब सांगतो, त्या माणसाला इब्न उमर ओळखू येईनात, म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. म्हणजे नातू आजोबांपाशी होता, चालता-बोलता होता, निरोप्याचं काम करण्याएवढा मोठा होता. मुहंमद बापाच्या हयातीतच गेला आणि आजोबांनीच नातवाला वाढवलं, असंही सांगितलं जातं. इब्न हजर यांनी ‘तक्रीब’ या चरित्रकोशात शुऐबबद्दल अर्ध्या ओळीत निकाल दिलाय: आजोबांकडून ऐकल्याचं सिद्ध.

आणि मग मी अबू दाऊदची ओळ परत काढली. तीन आठवडे ज्यावर डोकं आपटलं तिथे ‘अन् जद्दिही’च्या पुढे आणखी तीन शब्द होते: ‘अब्दुल्लाह बिन अम्र’. या हदीसमध्ये आजोबांचं नाव लिहिलेलंच आहे. मी पहिल्यांदा उतरवून घेताना ओळ मध्येच तोडली होती. मौलानांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाले, आधी सांगितलं असतं तर तू बाकीचं वाचलं असतंस का?

ताबडतोब प्रकरण संपलं असं वाटलं. संपलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅडमनी जोसेफ शाख्ट वाचायला लावले. त्यांचं इस्लामी न्यायशास्त्राच्या उगमावरचं पुस्तक १९५० चं. ते म्हणतात, बाप-मुलगा-नातू अशी घरगुती साखळी दिसली की ती विश्वास बसावा म्हणून मागाहून जोडलेली समजावी. नातं हाच संशयाचा पुरावा! दोन दिवस मी प्रबंधाची फाईल उघडली नाही. तिसऱ्या दिवशी सत्र न्यायालयात एका सहकाऱ्याला दलीप सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५३ च्या निकालावर बोलताना ऐकलं आणि डोक्यात दिवा लागला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटलंय की साक्षीदार नातेवाईक आहे एवढ्यानेच साक्ष फेकता येत नाही, उलट जवळचा माणूस खऱ्या गुन्हेगाराला सहसा वाचवणार नाही. नातेवाईक साक्षीदार वेगळा, हितसंबंधी साक्षीदार वेगळा. मग प्रश्न उरतो: ही हदीस टिकवण्यात या घराण्याचा हितसंबंध काय? नियम आईच्या बाजूचा, सांगणारी तीन पिढ्यांची पुरुषमाणसं. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण इथे जन्मलं.

शाख्टना उत्तर देणारेही वाचले. नाबिया अ‍ॅबट यांनी १९६७ च्या अभ्यासात पपायरसवरच्या जुन्या लेखांच्या आधारे दाखवलं की घराण्यांमध्ये लेखी सामग्री लवकरच जपली जाऊ लागली होती. उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुहम्मद मुस्तफा आजमी यांनी तर शाख्टच्या पुस्तकाचा मुद्देसूद प्रतिवाद केला. मला कुणा एकाची बाजू घ्यायची नव्हती. मी एवढंच तपासलं की अम्रच्या खाली किती वाटा फुटतात. औजाईंची एक, अहमद बिन हंबल यांच्या ‘मुसनद’ या संग्रहात मक्केच्या इब्न जुरैज यांची दुसरी. दोन शहरांतली दोन माणसं, वर गाठ अम्रपाशी. म्हणजे निदान अम्रपर्यंत आपण घट्ट जमिनीवर आहोत. त्याच्या वर घर आहे आणि वही आहे.

हंबली विद्वान इब्न कय्यिम यांनी ‘जादुल मआद’मध्ये हे सहाशे-सातशे वर्षांपूर्वी न कचरता लिहून ठेवलंय: या हदीससाठी लोकांना अम्र बिन शुऐबची गरज पडली, त्याच्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लग्नाने आईचा हक्क जातो असं सांगणारी दुसरी हदीसच नाही, आणि चारही सुन्नी मजहबांच्या इमामांनी नियम घेतला तो इथूनच. उलट टोकाला स्पेनमधले फकीह इब्न हज्म. त्यांनी ही साखळी ‘नुसती वही’ म्हणून बाजूला सारली आणि मग बेधडक म्हणाले, दुसऱ्या लग्नाने आईचा हक्क जात नाही. उम्मे सलमांची आधीची मुलं पैगंबरांशी (स.) लग्न झाल्यावरही त्यांच्याजवळच नव्हती का? साखळी मानली की एक कायदा, नाही मानली की दुसरा. ‘त्यात वाद नाही’ म्हणणारे ते वकील मला इथे फार आठवले.

मॅडमना दुसरं उदाहरणही हवं होतं, ते इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात मिळालं. सौद्याचा इसार. घेणाऱ्याने माघार घेतली तर इसाराची रक्कम विकणाऱ्याने गिळायची, हा व्यवहार पैगंबरांनी (स.) मना केला, ही हदीसही अम्र-बाप-आजोबा याच घरातून येते. तीन मजहबांनी ती धरली. अहमद बिन हंबल यांनी मात्र इसाराला मुभा दिली, कारण मक्केत तुरुंगासाठी सफवान बिन उमय्याचं घर अशाच अटीवर घेतलं गेल्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. यावर जास्त लिहीत नाही. फ्लॅट घेणाऱ्यांनी आपापली इसार पावती बघावी.

याच मुवत्तात आणखी एक ताब्याचा दावा आहे. पैगंबरांचे (स.) साथीदार उमर कुबा मशिदीच्या अंगणात आपला मुलगा आसिम याला खेळताना बघतात, दंड धरून उचलतात, वाहनावर पुढ्यात बसवतात. मुलाची आजी धावत येते. वाद पहिले खलीफा अबू बक्र यांच्यापुढे जातो. उमर म्हणतात माझा मुलगा, बाई म्हणते माझा मुलगा. अबू बक्र म्हणतात, तिच्याकडे राहू द्या. उमर पुढे शब्द बोलत नाहीत. हे सांगणारा कासिम बिन मुहंमद, अबू बक्रांचा नातू. पुन्हा घरच! शिया कायद्यात तर जाफर सादिक यांनी वडिलांकडून, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून, ही इमामांची साखळी म्हणजे कायद्याचा पायाच. काजी नुमान यांचं इस्माईली ‘दआइमुल इस्लाम’ त्यावर उभं आहे, आणि त्याची संपादित प्रत कैरोतून काढली ती माथेरानला जन्मलेल्या आसफ फैजी यांनी, १९५१ मध्ये पहिला खंड. माझ्याकडून या भागाला चारच पानं मिळाली. परीक्षकांनी ते बरोबर पकडलं.

मार्च २०२४ मध्ये मसुदा पूर्ण. साहित्यचौर्य तपासणीत २३ टक्के साम्य! ‘अम्र बिन शुऐब, त्याच्या वडिलांकडून’ हे शब्द चाळीसेकदा आले होते आणि यंत्राला ती चोरी वाटली. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, नावं बदला. हिजरी ११८ मध्ये वारलेल्या माणसाचं नाव मी कसं बदलू? शेवटी साखळ्या परिशिष्टात हलवल्या, उद्धृतं वगळून पुन्हा तपासणीचा अर्ज केला, ११ टक्के आले. या खेळात पाच आठवडे आणि ६०० रुपये गेले. साखळ्या सुरुवातीपासूनच परिशिष्टात ठेवा, प्रकरणात नुसता क्रमांक द्या. बांधणीच्या पाच प्रती, प्रत्येकी ३५०. मे महिन्याच्या शेवटी सादर.

आणि १ जुलैला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. माझा अख्खा पुराव्याचा धागा १८७२ च्या कायद्यावर: मृताच्या विधानाचं कलम ३२, तीस वर्षं जुन्या दस्तऐवजाचं कलम ९०, ज्यात तो योग्य ताब्यातून आलाय का हे बघतात. मला त्या ‘ताबा’ शब्दाचा केवढा अभिमान होता! आता ते अनुक्रमे २६ आणि ९२ झाले. दोन रात्री बसून तुलनातक्ता केला, तोंडी परीक्षेला सोबत नेला. पहिला प्रश्न त्याच्यावरच आला.

दुसरा प्रश्न: मग तुमच्या मते हदीस खरी का? मी म्हटलं, साखळी ‘हसन’ दर्जाची, मधल्या वजनाची, असं जहबींनी म्हटलंय आणि माझी तपासणी त्याच्या विरुद्ध जात नाही. पण एवढ्या एका धाग्यावर आजच्या आईचा हक्क आपोआप जातो, असं सांगताना वकिलाने ‘वाद नाही’ म्हणू नये. परीक्षक काही बोलले नाहीत, त्यांनी पान उलटलं. पस्तीस मिनिटांत बाहेर आले. पदवी प्रमाणपत्र यायचंय, पावती जपून ठेवलीय.

शनिवारी मौलानांचे खंड परत द्यायला गेले. ते म्हणाले, जाण्याआधी एकदा पूर्ण वाचून दाखव. मी महमूद बिन खालिदपासून सुरू केलं. अन् अबीहि, अन् जद्दिही अब्दुल्लाह बिन अम्र. मग त्या बाईचं बोलणं, ज्यात तीन शब्दांचं यमक आहे: विआ, सिका, हिवा. माझं पोट त्याचं भांडं होतं, माझे स्तन त्याची पखाल, माझी मांडी त्याचा आडोसा. आतून भांड्यांचा आवाज थांबला. खाला पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“उस औरत का नाम क्या था?”

मी परत ओळीवर बोट फिरवलं. मौलानांनी चष्मा काढून ठेवला.

“नाम नहीं है, खाला. बस ‘एक औरत’ लिखा है।”